जुन्या मायक्रोस्कोपचा रंग

आमच्या आरोग्य केंद्रात दोन मायक्रोस्कोप आहेत. एक पांढरा, विजेवर चालणारा, दोन्ही डोळ्यांनी बघायचा. दुसरा जुना, एकाच डोळ्यानं बघायचा. त्याच्या खाली गोल आरसा आहे आणि खिडकीतला उजेड त्या आरशावर घेऊन काम करावं लागतं. आलापल्लीच्या पुढं, भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात वीज गेली की ती कधी येईल हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. तापाचे रुग्णही नेमके त्याच दिवसांत जास्त. म्हणून धानाची रोवणी सुरू झाली की मी बहुतेक वेळ त्या जुन्या यंत्रावरच बसलेली असते. मी इथली लॅब टेक्निशियन. घर चंद्रपूरकडच्या मूल गावी, नोकरी इथं. काचपट्टीवरच्या रक्तात हिवतापाचे जंतू शोधायचे, हे माझं रोजचं काम.

त्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर काचपट्टीवर बारीक तांबूस भुकटी दिसायला लागली. आधी वाटलं, काचपट्टीला द्यायचं रंगद्रव्य गाळून घेतलं नाही म्हणून कचरा आला असेल. गाळून घेतलं. भुकटी होतीच. मग एकदा मायक्रोस्कोप उचलताना तळहाताला काहीतरी खरखरीत लागलं. यंत्राची जी कमान असते, जिला धरून ते उचलतात, तिथला रंग उडाला होता. माझ्या आधी किती जणांनी ती कमान धरली असेल कोणास ठाऊक. घाम, तेल आणि भिंगं पुसायचं झायलीन लागून लागून रंग पातळ झाला, मग गेला, आणि आतलं लोखंड उघडं पडून गंजलं. बुडाच्या एका कोपऱ्यालाही तसंच झालं होतं. डाग मोठे नव्हते. बोटाच्या पेराएवढे. पण गंज खाली काचपट्टीवर पडत होता.

आमचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच आलेले. ते म्हणाले, हे यंत्र आता बाजूला काढून ठेवा, नवीन मागवून घेऊ. मी म्हटलं, नवीन येईल तेव्हा येईल, वीज गेली की मी कशावर बघू? याची भिंगं अजून चांगली आहेत. थोडा रंग मिळाला तर मीच लावते. ते हसले आणि हो म्हणाले. इतकी साधी गोष्ट होती. बोटाच्या पेराएवढ्या डागांना लागेल एवढा रंग आणायचा.

कोणता रंग, हे मी कोणाला विचारलं नव्हतं, कारण मला तो माहीत होता. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू. शेवाळी, थोडा राखेकडे झुकलेला. नुसता सपाट नाही, पत्र्यावर हातोडीनं बारीक बारीक ठोकावं तसा खवल्याखवल्यांचा दिसणारा. अशा रंगाला हॅमरटोन म्हणतात हे मला नंतर दुकानात कळलं.

शनिवारी मूलला घरी जायला निघाले तेव्हा वाट वाकडी करून चंद्रपूरला उतरले. यंत्र सोबत नेता येणार नव्हतं, म्हणून मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला होता. रंगाच्या मोठ्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं रंगांचं कार्ड पुढं केलं. मी चष्मा काढून कार्ड डोळ्यांजवळ धरलं. अलीकडे माझं असं झालं होतं, वाचायला चष्मा लागेनासा झाला होता. वयाच्या या टप्प्यावर लोकांचे नंबर वाढतात, माझा उतरत होता, आणि मी ते सगळ्यांना सांगतही असे. घरी माझे यजमान म्हणायचे, "तुह्ये डोळे तर उलटे चांगले होऊन राह्यले." असो. कार्डावरच्या एका चौकोनावर मी बोट ठेवलं. त्या माणसानं आतून त्याच नंबरचा डबा आणला, झाकणावरचा ठिपका दाखवला. मी चष्मा लावून बघितलं तर तो चक्क निळा होता.

मी म्हटलं, हा नाही, मी शेवाळी दाखवला होता. त्यानं कार्ड आणि डबा शेजारी शेजारी ठेवले, नंबर दाखवला. नंबर एकच होता. कार्डही आता निळसर दिसत होतं. मला वाटलं, दुकानातल्या ट्यूबलाइटमुळं होत असेल. तो म्हणाला, मॅडम, बाहेर उन्हात नेऊन बघा. बाहेर पाऊस होता. शिवाय तो डबा चार खुर्च्या रंगवाव्यात एवढा मोठा, आणि हॅमरटोन तर त्याच्याकडं नव्हताच. मी काही न घेता बाहेर पडले. बसमध्ये बसल्यावर मोबाइलमधला फोटो काढून पुन्हा पाहिला. हातात धरून पाहिला तेव्हा शेवाळीच होता. मला उगाच त्या दुकानदाराचा राग आला, आणि राग कशाचा आला तेही नीट सांगता येईना.

रविवारी परत येताना आलापल्लीच्या हार्डवेअरवाल्यानं मला एका पेंटरकडं पाठवलं. बस थांबते तिथून थोडं आत, त्यांची टिनाची शेड. ट्रॅक्टरचे बोनेट, जीपचे दरवाजे, मोटारसायकलच्या टाक्या रंगवायचे. घर शेडलाच लागून होतं. साठीला आलेले गृहस्थ, पांढरी दाढी, बनियनवर रंगांचे थर. वडीलही हेच काम करायचे, असं त्यांनी सांगितलं. जंगल खात्याच्या गाड्या इथं येत, अपघातात दरवाजा बदलला की बाकीच्या गाडीशी रंग जुळवून द्यायचा, ही त्यांची खासियत. डब्यात हॅमरटोनचा थोडा चंदेरी माल पडलेला आहे, त्यात रंग मिसळून देतो, म्हणाले. मी फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला, मग एका वाटीत थेंब थेंब रंग टाकत काडीनं ढवळलं आणि एका टिनाच्या झाकणावर त्याचा एक पट्टा ओढला. झाकण हात लांब करून माझ्यासमोर धरलं.

"भाऊ, हा निळा आहे," मी म्हटलं.

त्यांनी झाकणाकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. झाकण माझ्या हातात दिलं. मी चष्मा कपाळावर सारून ते जवळ घेतलं. मग मलाच कळेना. जवळून तो तितका निळा वाटत नव्हता. बराचसा बरोबर वाटत होता. मी म्हटलं, थांबा, पुन्हा धरा. त्यांनी पुन्हा धरलं. निळा.

मग आमचा तोच खेळ सुरू झाला. ते थोडा पिवळा टाकायचे, पट्टा ओढायचे, झाकण धरायचे, मी निळा म्हणायची, हातात घ्यायची, गोंधळायची. शेवटी ते काडी खाली ठेवून बसले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, नुसती काळजी होती.

"बाई, तुमी दूरून निळा म्हनता अन् हातात घेतला का हिरवा म्हनता. मी आता कोनता धरू?"

मी म्हटलं, थोडा अजून हिरव्याकडे घ्या, म्हणजे दोन्हीकडून बरोबर दिसेल. हे बोलताना मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

त्यांच्या बायको घराच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पहिला पट्टा दाखवला तेव्हाच त्यांनी जमला म्हणून मान डोलावली होती. आता म्हणाल्या, फोटोतला रंग तर पहिलाच होता, हा कायचा. भाऊंनी त्यांना हाताच्या खुणेनं गप्प केलं. गिऱ्हाईक म्हणेल ते. पण मला दिसलं की त्यांनी पहिला पट्टा पुन्हा उचलून फोटोशी लावून पाहिला, डोळे चोळले, आणि परत पाहिला. मग मान खाली घालून माझ्यासाठी हिरवट रंगाची एक छोटी बाटली भरली. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. आधी लावून पाहा, म्हणाले, बरोबर आला तर द्या.

सोमवारी दुपारी रुग्ण ओसरल्यावर मी कामाला बसले. सँडपेपरनं गंज घासला, झायलीननं पुसून घेतलं, वाळू दिलं. चष्मा काढला, डावा डोळा मिटला, आणि बारीक ब्रशनं रंग भरला. डावा डोळा मिटायची माझी जुनी सवय. एका डोळ्याच्या मायक्रोस्कोपवर काम करताना दोन्ही उघडे ठेवायला शिकवतात, पण मला ते कधी जमलं नाही, आणि हळूहळू यंत्राजवळ गेले की तो डोळा आपोआप मिटायला लागला होता. रंग छान बसला. खवलेसुद्धा उठले. जवळ वाकून पाहिलं तर जुना कुठं संपतो आणि नवा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. मला फार बरं वाटलं. भाऊंना उगाच त्रास दिला, पण शेवटी जमलं, असं मनात आलं.

आमच्या केंद्रातली नर्स भामरागडकडच्या एका गावची, माडिया घरातली. ती चहा घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"मॅडम, हे हिरवं हिरवं काय लावलं तुमी?"

मी म्हटलं, काय हिरवं? त्याच रंगाचं तर आहे. ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते. तिनं जवळ येऊन बोट ठेवलं. हे निळं, राखेसारखं, सागाचं पान वाळताना त्याची पाठ दिसते ना तसं. आणि हे हिरवं. तिच्या घरच्या बोलीत तिनं एक शब्दही सांगितला, तो मला नीट उच्चारता आला नाही. मी तिला म्हटलं, तू उजेडाच्या बाजूला उभी आहेस म्हणून तसं दिसत असेल. तिनं चहा टेबलावर ठेवला. वयानं मोठ्या माणसाशी ती कधी वाद घालत नाही.

ती गेल्यावर मी चष्मा लावला आणि खुर्चीवरून उठले. दारात, ती उभी होती तिथं जाऊन वळून पाहिलं. निळसर राखाडी यंत्र, आणि त्याच्या कमानीवर, बुडावर हिरवे ठिपके. कपड्यावर पालेभाजी सांडावी तसे. मी परत जवळ गेले, चष्मा काढला, वाकले. ठिपके नाहीसे. मागं सरकले, चष्मा लावला. ठिपके हजर.

मी असं किती वेळ करत होते मला आठवत नाही. खरं सांगायचं तर मला आधी रंगाचाच संशय आला. या रंगात काहीतरी असं आहे की जवळून एक दिसतो आणि दुरून एक. गाड्यांना लावतात ना तसले चमकणारे रंग, तसलं काहीतरी. मग डोळ्यात पाणी आलं म्हणून मी उजवा डोळा रुमालानं दाबला, आणि डाव्यानं समोर बघत राहिले. मी यंत्राच्या अगदी जवळ होते. चष्मा नव्हता, सगळं अंधुक होतं, पण हिरवे ठिपके दिसत होते. रुमाल डाव्या डोळ्यावर नेला. ठिपके गेले. उजव्यावर आणला. आले.

खिडकीबाहेरचं आभाळ बघितलं. एका डोळ्यानं ते ढगाळ आणि निळसर होतं. दुसऱ्यानं चहाचं पाणी सांडलेल्या कापडासारखं. माझा पांढरा कोट दोन रंगांचा होता. हे कधीपासून चाललं होतं? मी दोन्ही डोळे उघडे ठेवून रोज त्याच जगात फिरत होते आणि मला काहीच कळलं नव्हतं.

आणि मग माझं लक्ष काचपट्ट्यांकडं गेलं. कारण माझं कामच रंगाचं आहे. रक्ताच्या काचपट्टीला आम्ही निळं आणि लाल असे दोन रंग देतो. हिवतापाचा जंतू म्हणजे एक लाल ठिपका आणि त्याला लागून एक बारीक निळी कड, अंगठीसारखी. ती निळी कड मी कोणत्या डोळ्यानं बघत होते? उजव्या. गेले कितीतरी दिवस मला निळं फिकं येतंय असं वाटत होतं; मी द्रावण जुनं झालं म्हणून बदललं होतं, तरी फिकं, म्हणून काचपट्ट्या निळ्यात थोड्या जास्त वेळ ठेवायला लागले होते. मला तो द्रावणाचा दोष वाटला होता.

मी डॉक्टरांकडं गेले. काय सांगायचं ते मला जुळवता येत नव्हतं. सर, मायक्रोस्कोपला रंग लावला, तो हिरवा दिसतो, पण एका डोळ्याला दिसत नाही, असं काहीतरी बोलले असेन. त्यांनी आधी यंत्र पाहिलं आणि हसून म्हणाले, हो, हिरवाच आहे. मग माझं तोंड पाहून ते हसायचे थांबले.

जपून ठेवलेल्या सगळ्या काचपट्ट्या आम्ही काढल्या. त्या दिवशी वीज होती. पांढऱ्या यंत्रावर ते एक बघत आणि मी जुन्या यंत्रावर दुसरी, डाव्या डोळ्यानं. डाव्या डोळ्यानं बघायची सवय नसल्यानं नाक मध्ये यायचं, भिंग सापडायचं नाही. पण दिसलं तेव्हा दिसलं. तो निळा रंग मी विसरूनच गेले होते. काचपट्टीची पार्श्वभूमी, पांढऱ्या पेशी, सगळं भडक, कारण मी त्या जास्त वेळ बुडवून ठेवल्या होत्या. ज्यांना मी हिवताप नाही म्हणून सांगितलं होतं त्यांच्या काचपट्ट्या आम्ही आधी घेतल्या. नर्सही येऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. एकही चुकलेली निघाली नाही.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही आकारावरून ओळखत होतात, मॅडम, सवयीनं. असेल. पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मी जंतू बघत होते की असेल म्हणून समजत होते, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. बरोबर उत्तर आलं एवढं खरं. त्यानंतर डोळे तपासून होईपर्यंत मी एकटीनं एकाही काचपट्टीचा निकाल दिला नाही.

चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या उजव्या डोळ्यात दिवा मारून बघितलं आणि विचारलं, अलीकडे चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं का? मी हो म्हटलं, जरा अभिमानानंच. त्या म्हणाल्या, तेच मोतीबिंदूचं लक्षण आहे. या प्रकारात डोळ्यातलं भिंग घट्ट आणि पिवळं होत जातं; जवळचं काही दिवस चांगलं दिसतं, माणूस खूश होतो. दूरचं बिघडतं, पण तुमचा डावा डोळा अजून चांगला आहे, दूरचं तो बघत होता. जवळचं उजवा. दोघांनी काम वाटून घेतलं होतं. आणि त्या पिवळ्या भिंगातून निळ्यातला आणि हिरवट रंगातला फरक कमी होतो, म्हणून रंग जुळला असं तुम्हाला वाटलं.

मी विचारलं, म्हणजे तो पेंटर बरोबर होता? त्यांना पेंटर कोण ते माहीत नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऑपरेशनसाठी कधी येता म्हणून विचारलं.

ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या सकाळी भिंत इतकी पांढरी होती की मला ती नुकतीच रंगवली असं वाटलं. आता गंमत उलटी झाली. उजवा डोळा स्वच्छ, आणि डावा, ज्याला मी इतके दिवस चांगला समजत होते, तो थोडा पिवळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यालाही सुरुवात आहे, अजून वेळ आहे. म्हणजे मायक्रोस्कोपचा रंग निळसर राखाडी आहे हे तरी मी कोणत्या डोळ्याच्या भरवशावर सांगू, असं मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, आता रंगाचं बोलू नको. मूलमधल्या राइस मिलच्या भिंती कोणत्या रंगाच्या आहेत यावरून आमची आदल्याच दिवशी वादावादी झाली होती.

कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आलापल्लीला भाऊंच्या शेडमध्ये गेले. ते एका ट्रॅक्टरच्या बोनेटला पॉलिश पेपर मारत होते. मला पाहून उठले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, रंग बरोबर नाई आला ना? मी म्हटलं, नाही आला, पण चूक तुमची नव्हती, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. आणि दूरचं, जवळचं, दोन डोळे, पिवळं भिंग, सगळं एका दमात सांगितलं.

ते बोनेटला टेकून उभे राहिले. त्यांच्या बायको आतून बाहेर आल्या आणि त्यांनी सांगितलं ते ऐकून मला कुठं बघावं कळेना. मी हिरवी बाटली घेऊन गेले त्या दिवसापासून भाऊंची झोप उडाली होती. रंग जुळवायचं काम आलं की ते नाही म्हणायला लागले होते. कोणी जीपचा दरवाजा आणला, तर दुसरीकडं न्या म्हणाले. जन्मभर ज्या डोळ्यांवर पोट भरलं तेच फिरले, असं त्यांच्या मनानं घेतलं. शेवटी अहेरीला डोळे तपासायचं शिबिर होतं तिथं जाऊन आले. तिथल्या लोकांनी वाचायच्या चष्म्याचा नंबर दिला, बाकी डोळे चांगले म्हणून सांगितलं. तरी यांचा विश्वास बसेना. मला रंग दाखवून विचारा, म्हणून तिथल्या माणसामागं लागले होते.

मी म्हटलं, भाऊ, मला बोलवायचं तरी होतं. ते म्हणाले, "कसा बोलावू, बाई. तुमी दवाखान्याच्या. दुर्बिनीतून पाहनाऱ्या. तुमाले दिसत नसन असा इचारच नाई आला." मग म्हणाले, "मले वाटलं मीच गेलो."

त्यांच्या बायको म्हणाल्या, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि आत जाऊन चहा ठेवला.

पहिल्या पट्ट्याचं झाकण भाऊंनी फेकून दिलं होतं. नव्यानं रंग बनवायला बसले. हा नुसता अंदाजापुरता, या वेळी फोटोवर भागणार नाही, म्हणाले, यंत्र जिथी आहे तिथी येतो. झाकण समोर धरण्याआधी त्यांनी मला विचारलं, "आता कोनत्या डोळ्यानं पाहून राह्यल्या?" मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, एकच सांगा, म्हणजे मले हिशेब राहीन. यावर आम्ही तिघंही हसलो. पण त्यांच्या हसण्यात अजून थोडी धाकधूक होती, आणि माझ्याही.

एका दुपारी ते मोटारसायकलवर रंगाच्या बाटल्या बांधून केंद्रावर आले. यंत्र खिडकीशी ठेवलं. त्यांनी माझे हिरवे ठिपके घासून काढले, हळूहळू, सालपट काढावं तसे, आणि आजूबाजूच्या जुन्या रंगाशी बाटलीतला रंग जुळवत बसले. मला काही विचारलं नाही. मीही मुद्दाम बाजूला जाऊन काचपट्ट्या धूत राहिले. झाल्यावर त्यांनी नर्सला बोलावलं. ती वाकून, मग दारात जाऊन, मग पुन्हा वाकून बघत राहिली आणि म्हणाली, कुठी लावला तेच दिसत नाई. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आधी उजव्या डोळ्यानं बघितलं. नवा रंग वेगळा दिसत नव्हता, सगळा एकच दिसत होता. डाव्यानं बघितलं तर जरा उबदार, पण तिथंही एकच. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण आनंद झाल्यासारखं काही केलं नाही. ब्रश पुसून पिशवीत ठेवला.

रंग वाळेपर्यंत पाऊस आला, त्यामुळं ते अडकले. वीज गेलेलीच होती. कमानीला हात न लावता यंत्र तसंच ठेवून मी आरसा उजेडाकडं वळवला आणि म्हटलं, भाऊ, बघून तर जा. सकाळीच एकाच्या रक्तात जंतू निघाले होते, ती काचपट्टी लावली. त्यांनी दाढी एका हातानं बाजूला धरली, वाकले आणि भिंगाला डोळा लावला.

"काई नाई. केसच केस."

पहिल्यांदा बघणाऱ्याला स्वतःच्या पापण्या दिसतात. मी त्यांना जरा मागं व्हायला सांगितलं, डोळा भिंगापासून थोडा वर ठेवायला सांगितलं, आणि स्क्रू हळूच फिरवत राहिले. ते बराच वेळ तसेच उभे होते, एक हात दाढीवर, दुसरा मागं बांधलेला. मग त्यांचा श्वास एकदम थांबला, तेव्हा मला कळलं की त्यांना दिसलं. काय दिसतं, असं मी विचारलं नाही. पाऊस थांबेपर्यंत ते तिथंच होते. एकदा वर पाहिलं, डोळा पुसला, आणि पुन्हा वाकले.